रिकाम्या पेटीचा आवाज

टॉवरचं पुन्हा निघालं ते जेवण उरकता उरकता, आणि काढलं बेबीनं. बेबी पन्नाशीला आली होती, दोन मुलींची लग्नं लावून मोकळी झाली होती, पण माहेरच्या दारातून आत आली की बेबीच.

"दादा, एकदा काय ते सांगून टाक. उद्या कंपनीची माणसं टॉवरवर नवीन यंत्र चढवायला आली की तू हो म्हणणार?"

"म्हणणार." थोरल्यानं ताट पुढे सरकवलं.

"माईच्या जिभेवर पाय देऊन?"

"जिभेवर पाय कसा देतात ते आधी दाखव. मग देतो की नाही ते बघू."

कोणी हसलं नाही. टेबलाच्या टोकाला माई बसली होती, आणि ती हसल्याशिवाय या घरात विनोद पास होत नसे.

माईची जीभ ही साधी गोष्ट नव्हती. गोदामात वेगवेगळ्या मळ्यांचा चहा यायचा. कशात काय किती मिसळायचं ते माईच्या एका घोटावर ठरायचं. घोट सुर्रकन ओढायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा आणि बोलायचं. मामंजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, पोटच्या मुलांना डावलून चाखणीची खुर्ची सुनेला दिली, तेव्हा जे भांडण झालं त्याचे तुकडे अजून घरात पायाला लागतात. त्या तुकड्यांवरून माई रोज सकाळी चालत गेली आणि खुर्चीत बसली. तिचा घोट कधी चुकला नाही.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत.

मागच्या उन्हाळ्यात गोदामाच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला. त्याच सुमारास माईच्या तोंडात झिणझिण सुरू झाली. नाणं चोखल्यासारखी चव. आणि त्या चवीच्या मागे, लांब कुठेतरी, चहा.

टेबलावर कोण काय म्हणालं

जावई: माई, मी कधीपासून सांगतोय. आधी चिमण्या गेल्या. चिमण्यांना पहिलं कळतं.

थोरला: चिमण्या गेल्या तेव्हा टॉवर नव्हताच, जावईबापू. समोरची झाडं तोडली तेव्हा गेल्या.

बेबी: माझ्या नणंदेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांची डोकी दुखतात.

थोरला: आणि चौथ्यावर?

बेबी: चौथ्यावर विचारलं नाही कोणी.

जावई: दोन फोनांच्या मधे अंडं ठेवलं तर उकडतं. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

थोरला: ठेवा. आत्ता ठेवा. उकडलं की मीठ लावून मी खातो.

जावई: नवीन नेटवर्क आलं की साथी येतात, एवढं तरी माना!

थोरला: साथ माणसाच्या खोकल्यातून येते. टॉवरला खोकला होत नाही.

सून: अहो, जरा हळू.

थोरला: आजोबांनी गोदामात विजेचा दिवा लावला तेव्हा काकाआजोबा म्हणाले, उजेडानं पानांचा रंग उतरेल. रेडिओ आणला तेव्हा म्हणाले, दूध नासेल. आता हे. अगं, या लहरी इतक्या दुबळ्या असतात म्हणे, की अंगातलं काही मोडायचा जोरच नाही त्यांच्यात. कंपनीचा इंजिनियरच म्हणाला—

बेबी: तो म्हणणारच! त्याचाच टॉवर!

थोरल्यानं पाण्याचा तांब्या ओढला. जावयानं ती संधी साधून खिशातून चकचकीत गोल स्टिकरांची पट्टी काढली. फोनच्या पाठीवर लावली की लहरी शोषून घेतात, असं पाकिटावर छापलं होतं. येईल तेव्हा तो सगळ्यांना एकेक लावून जाई. सुनेच्या फोनवर आता तीन झाली होती.

"बरं," थोरला म्हणाला, "टॉवर तिकडे गच्चीवर. फोन इथे कानाला. लागलंच तर अंगाला जास्त काय लागेल? तो का सोडत नाही कोणी?"

"फोननंही होतं मला," माई म्हणाली.



"जवळ आणला की होतं. तुम्ही बोलत बसता, मी उठून जाते. का जाते ते कधी विचारलं नाहीत."

सून

ती भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला.

नवऱ्याचं पटत होतं तिला. तीच तर अडचण होती. दोष टॉवरचा असेल तर टॉवर उतरवता येतो. नसेल, तर दोष जिभेचा. आणि जिभेचा असेल तर माईंना खुर्चीतून उठावं लागणार. चाखणी-खोलीत दुसऱ्या स्टुलावर तीच बसायची. माई कडक पानाला मऊ म्हणाल्या तेव्हा तिनं ऐकलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हाही. मग दुपारी, माई घरी आल्यावर, ती गोदामात जाऊन मिश्रण गुपचूप सरळ करून ठेवू लागली. गिऱ्हाईक म्हणत होतं, माईंच्या हाताला तोड नाही. आणि ती माईंना ते सांगत होती.

थोरला मागे येऊन उभा राहिला. "तू तरी बोल ना काहीतरी."

"काढून टाका तो टॉवर."

"तूपण?"

"काढून टाका. त्यांच्यासाठी."

"अगं, खोट्यासाठी काढू?"

तिनं ताट पुसलं, पुन्हा पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याच्या विरुद्ध आणि नणंदेच्या बाजूला होती, आणि नणंदेला त्याचा पत्ताही नव्हता.

बाहेरून माईची हाक आली.

पेटी

"भांडता कशाला?" माई म्हणाली. "चहाचं भांडण आपण कसं सोडवतो? डोळे मिटून. मग याचंही तसंच सोडवा."

नमुन्याचा चहा ठेवायची एक लाकडी पेटी घरात होती. थोरल्यानं ती झटकली. ठरलं ते असं: थोरला शेजारच्या खोलीत जाणार, नाणं उडवणार. छाप आली तर पेटीत फोन ठेवायचा तो कॉल चालू करून, आवाज मात्र बंद. काटा आला तर फोनच बंद. पेटीचं झाकण लावून माईच्या पुढ्यात आणायची. माईनं सांगायचं.

बेबीनं आईच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. "घट्ट झाला का गं?"

"घट्टच बांध. नाहीतर तुझा दादा म्हणेल फटीतून पाहिलं."

थोरला आत गेला. आला. पेटी ठेवली.

"चालू," माई म्हणाली.

बरोबर.

"बंद."

बरोबर.

"चालू. जिभेच्या डाव्या कडेला येतंय."

बरोबर.

"बंद."

"माई, जरा विचार करून—"

"विचार करून चव कळत नाही. बंद."

बरोबर.

जावई मोठ्यानं मोजत होता, मग मोजायचा थांबला. थोरला आत जायचा आणि दर वेळी जास्त वेळ लावून यायचा. एकदा त्यानं नाणं उडवलंच नाही. मुद्दाम तीनदा लागोपाठ बंद फोन आणला. माई तिन्ही वेळा "बंद" म्हणाली, तिसऱ्यांदा तर जांभई देत.

एकही चुकलं नाही.

थोरला खुर्चीवर बसला. आपण महिनोन् महिने आईला खोटं पाडत होतो, गिऱ्हाइकांसमोर, कामगारांसमोर, आणि ती उठून दुसऱ्या खोलीत जात होती.  

"चुकलो, माई," तो म्हणाला. "उद्या त्यांना नाही म्हणून सांगतो. आहे तोही उतरवा म्हणतो."

बेबीला रडू फुटलं. जावयानं मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात काढला तेव्हा शर्टवर एक स्टिकर चिकटलेलं होतं. दारात उभ्या सुनेनं डोळे मिटून घेतले. सुटलो, असं तिच्या मनात आलं. सगळेच सुटलो.

माईनं रुमाल सोडला नव्हता.

रुमालाच्या आत

अंधारात माई पुन्हा पहिल्यापासून ऐकत होती.

पेटी टेबलावर यायची. मग झिणझिण यायची, किंवा नाही यायची. झिणझिण खोटी नव्हती. जिभेला काटे फुटत होते ते तिचे तिलाच ठाऊक. पण आधी काय? जिभेच्या आधी काय यायचं?

आवाज.

थोरला पावलं टाकायला लागला तेव्हापासून या घरात कप वाहत आला. भरलेला कप ठेवताना तो एक कड आधी टेकवतो आणि मग बाकीचा बसवतो, आवाज होत नाही. रिकामा कप ठेवतो तो खाड्कन. मामंजींनीच शिकवलं होतं त्याला ते, तो नीट बोलायलाही लागला नव्हता तेव्हा. आज फोन चालू होता तेव्हा पेटी आली ती अलगद, काही सांडेल अशी. फोन बंद होता तेव्हा आली ती खाड्कन. वजनात काडीचा फरक नव्हता. त्याच्या हातांना मात्र एक पेटी भरलेली होती आणि एक रिकामी.

कानांनी ओळखलं, आणि जीभ कानांच्या मागून गेली.

हे या घरात दुसऱ्या कोणाला कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं. टॉवर उतरला असता, खुर्ची राहिली असती, आणि थोरला तर चुकलो म्हणून मोकळाही झाला होता.

माईनं रुमाल सोडला, घडी केली.

"हा निकाल धरायचा नाही," ती म्हणाली.

"काय?"

"काय रे, भरणाऱ्यानं कप आणायचा असतो का?"

थोरल्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

चाखणीचा नियम मामंजींचा. जो कप भरतो तो पडद्यामागे भरतो आणि मागच्या दारानं बाहेर जातो. आणणारा वेगळा; कपात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. कारण ज्याला ठाऊक असतं त्याच्या चेहऱ्यावर, हातावर, श्वासावर ते सांडतंच. उभ्या आयुष्यात या माणसांनी चहाचा एक कप पडद्याशिवाय चाखला नव्हता. आणि आज जेवणाच्या टेबलावर साफ विसरले, कारण पेटीत चहा नव्हता.

"तू पेटी कशी ठेवत होतास ते मी ऐकत होते," माई म्हणाली. "चालू असला की हळूच. बंद असला की आपटून. मी टॉवर नाही चाखला. तुला चाखलं."

"माई, पण तू जिंकलीस ना!" बेबी म्हणाली. "आता कशाला उकरतेस?"

"मी कुठे जिंकले? तुझ्या भावाचे हात जिंकले. उठा सगळे. गोदामात चला."

"माई, राहू दे," सून म्हणाली. आवाज जरा जास्तच पटकन आला. "तुम्ही दमला आहात."

माईनं तिच्याकडे पाहिलं. "तू तर आधी चल," ती म्हणाली. "पडद्यामागे तूच जायचंस."

पडदा

चाखणी-खोलीत उत्तरेची खिडकी, लांब पांढरं टेबल, त्याच्या कडेला चहा थुंकायचं उंच पितळी भांडं. वर, छताच्या पलीकडे, टॉवर.

सुनेनं पडद्यामागे नाणं उडवून पेटी भरली, फळीवर ठेवली आणि मागच्या दारानं अंगणात गेली. दार लागल्याचा आवाज आल्यावर जावयानं पेटी उचलली. त्याला काही ठाऊक नव्हतं आणि त्यामुळे तो फार घाबरला होता. प्रत्येक पेटी तो बाळासारखी दोन्ही हातांनी आणत होता.

"चालू," माई म्हणाली.

पुढची.

"चालू... हो, चालू."

पुढची.

"बंद. थांबा. नाही. बंदच."

पुढची. पुढची. मधे एकदा ती नुसतीच बसून राहिली, ओठ मिटून, आणि थोरला न राहवून म्हणाला, "पुरे, माई." ती म्हणाली, "डाव अर्धा टाकत नाहीत," आणि शेवटपर्यंत गेली.

मग सुनेला आत बोलावलं. तिनं मनात ठेवलेलं सांगितलं. पहिली बंद होती. दुसरी चालू. तिसरी चालू. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढंच बरोबर आलं असतं.

"शेवटची?" माईनं विचारलं. "शेवटची फार झिणझिणली मला."

"शेवटची बंद होती, माई." 

थोरला जिंकला होता. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"मग माझ्या स्टिकरांचं काय?" जावई हळूच म्हणाला.

"डब्यांना लावा," बेबी म्हणाली. "कुठल्या डब्यात कुठला चहा ते तरी कळेल."

आणि माई हसली. खरंखुरं, पोट हलवून. मग डोळे पुसून म्हणाली, "आता चहा."

दोन कप. एक मागच्या हंगामाचा, एक या हंगामाचा. घरात येणाऱ्या पाहुण्यालाही कळेल इतका फरक. माईनं पहिला घोट ओढला, फिरवला, थुंकला. दुसरा ओढला. पुन्हा पहिला. खोलीत फक्त तो आवाज.

"मला कळत नाही," ती म्हणाली. तिनं ते वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं. "दोन्ही सारखेच लागतात. मग इतके महिने आपलं मिश्रण बरोबर कसं जातंय?"

 सून पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"कधीपासून?" माईनं तिलाच विचारलं.

"...पावसाळ्यापासून."

"माझी दया आली?"

"तुमची नाही," सून म्हणाली. मान वर करून. "चहाची."

माईनं ते उत्तर तोंडात फिरवल्यासारखं केलं. थुंकलं नाही.

बेबी मात्र उसळली. "वहिनी, तुला ठाऊक होतं? आणि मी इथे टॉवरच्या नावानं—"

"वन्सं, तुम्ही टॉवर म्हणत होतात तोच बरा होता. मला तुमचंच खरं व्हायला हवं होतं."

बेबी स्टूल ओढून माईजवळ बसली. मग एकदम म्हणाली, "माई, तुझी रक्तदाबाची गोळी कधी बदलली गं? उन्हाळ्यातच ना? माझ्या सासूबाईंना एका गोळीनं तोंड असंच कडू व्हायचं."

"उन्हाळ्यातच," थोरला वळून म्हणाला. "टॉवर चढला त्याच आठवड्यात. मीच तुला दवाखान्यात नेलं होतं."

"मग आजपासून ती गोळी बंद," बेबी म्हणाली.

"मनानं काही बंद करायचं नाही. झालं एवढं मनाचं पुरे," माई म्हणाली. "डॉक्टरला विचारू. गोळी असेल, नाहीतर वय असेल, दोन्हीही असतील. पण उद्या सकाळी हंगामाचं मिश्रण ठरायचंय. खुर्चीत कोण?"

बेबीनं पाहिलं सुनेकडे, सुनेनं बेबीकडे. बेबी लहानपणी याच टेबलाखाली बसून चाखायला शिकली होती, आणि खुर्चीची आशा तिनं कधी बोलून दाखवली नव्हती, तरी ती सगळ्यांना ठाऊक होती.

"दोघी बसा," माई म्हणाली. "कप मी भरते."

अंगण

पडद्यामागे माई कधी गेलीच नव्हती. किटली कुठे, गाळणी कुठे, थोरल्याला विचारावं लागलं. तीन-तीन कपांचे गट तिनं मांडले, प्रत्येक गटात एक वेगळा, तोच चाखून ओळखायचा; उत्तरांची चिठ्ठी शेवटी उघडायला पालथी ठेवली. मग नियमाप्रमाणे मागच्या दारानं बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं.

अंगणात उतरतीचं ऊन होतं. ती चालत चालत बरोबर टॉवरच्या खाली येईल अशा जागी गेली, मान वर केली, आणि लहान मूल डॉक्टरपुढे उघडतं तसं तोंड उघडलं.

नाण्याची चव होती. सकाळपासून होती तेवढीच. आत खोलीत होती तेवढीच. इथे कणभर जास्त नाही.

"म्हणजे माझंच," ती टॉवरला म्हणाली. "तुला उगाच बोलले."

आत कप हलत होते. ओढल्याचा आवाज, थुंकल्याचा आवाज, मग शांतता. कोणत्या कपात काय ते फक्त तिला ठाऊक होतं, आणि कोण काय म्हणतंय ते तिला ऐकू येत नव्हतं.

दार उघडून बेबी आली. डोळे लाल.

"मी दोनदा चुकले. वहिनी एकदाही नाही."

"रडतेस?"

"छे. चहा गरम होता."

माईनं तिचं तोंड आपल्या पदरानं पुसलं.

"माई, तू गप्प बसायला हवं होतंस गं. घरी. कोणाला कळलंही नसतं. खुर्ची राहिली असती तुझी."

"खुर्ची राहिली असती," माई म्हणाली. "चहा राहिला नसता."

दोघी आत आल्या. सून खुर्चीच्या शेजारी उभी होती, तिला हातही न लावता.

"बस."

"माई, डॉक्टर काय म्हणतात ते कळेपर्यंत तरी—"

"तोपर्यंत मिश्रण कोण ठरवणार? टॉवर? बस म्हणते ना."

सून बसली. थोरला पडद्यामागे गेला, कप भरला, मागच्या दारानं बाहेर गेला. जावयानं कप आणून ठेवला. माई दुसऱ्या स्टुलावर टेकली. कपात काय आहे ते या वेळी तिलाही ठाऊक नव्हतं.

सुनेनं घोट ओढला. फिरवला. थुंकला.

"वरच्या मळ्याचा," ती हळूच म्हणाली. "पान जरा उशिरा खुडलंय. सुरुवातीला काही नाही, मग मागून येतो... भिजलेल्या लाकडासारखा. चांगलाय, पण एकटा चालणार नाही. याला सोबत हवी."

माई डोळे मिटून ऐकत होती. आजवर चहा तिनं सगळ्यांना सांगितला होता. तिला कोणी सांगितला नव्हता.

"अजून सांग," ती म्हणाली.